'पिंगळावेळ' वाचतोय: रात्री वाचू नये?

टोकदार_पेन्सिल

आमच्या वाचनालयात जी. ए. कुलकर्ण्यांचं एकच पुस्तक जाग्यावर होतं, म्हणून ते उचललं. 'पिंगळावेळ'. कणा उसवलेला, मागच्या पानावर तारखांचे शिक्के, त्यातला शेवटचा चार वर्षांपूर्वीचा. घरी आणून दोन रात्रींत तीन कथा वाचल्या आणि मग पुस्तक फ्रिजवर ठेवून दिलं. त्याला आज अकरा दिवस झाले. मिक्सर काढायला गेलो की दिसतं. उचलत नाही.

भीती वाटली म्हणावं तर तसं नाही. भयकथा मी कॉलेजात असताना पोत्याने वाचल्या आहेत. त्या वाचून झाल्यावर दिवा लावला, पाणी प्यायलं, की संपतं. इथे दिवा लावून काही होत नाही, कारण जे घडलं ते अंधारात घडलेलंच नसतं.

'स्वामी' वाचलेल्यांना कळेल. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात, शेवट सांगत नाही: परगावचा एक माणूस रात्रीपुरता एका मठात थांबतो. त्याचा आदरसत्कार होतो. त्याला खाली एका खोलीत नेतात. मग दार बंद होतं आणि त्याला कळतं की आता आपण इथले स्वामी आहोत. कायमचे.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या कथेच्या शेवटी पानावर जी कोरी जागा उरते, तिथे कोणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, "रात्री वाचू नये." त्याच्याखाली निळ्या पेनाने, वेगळ्या अक्षरात, "दिवसा वाचली. फरक पडत नाही." आणि त्याच्याखाली अगदी बारीक, बाईमाणसाचं वाटावं अशा अक्षरात नुसतं "हो."

माझ्या आधीच्या तीन अनोळखी माणसांची ती तीन वाक्यं मला कथेइतकीच लक्षात राहिली आहेत.

विचारायचं एवढंच, की तुम्ही जी.ए. कसे वाचता? सलग वाचता येतात का? की माझंच काहीतरी बिनसलंय?

---

खडीसाखर

काही बिनसलेलं नाही. मी 'पिंगळावेळ' पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पूर्ण व्हायला दोन वर्षं लागली. एका बैठकीत एकच कथा, आणि नंतर निदान आठवडाभर दुसरं काहीही, अगदी पाककृतीचं पुस्तकसुद्धा चालेल. पथ्यच समजा.

---

वाचनालयातली_मावशी

धागा छान आहे, पण पुस्तकात पेनाने लिहिणाऱ्यांना आधी माझ्याकडे पाठवा. पेन्सिल खोडता येते हो, पेन खोडायला गेलं तर कागद जातो. आमच्याकडे एका बहाद्दराने रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

---

टोकदार_पेन्सिल

मावशी, मान्य. पण हे खोडू नका एवढी विनंती आमच्या वाचनालयाला मी स्वतः करणार आहे.

---

कोरडा_पाषाण

विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या.

जी.ए. हे आपल्याकडे वाचण्यापेक्षा पुजण्याचं प्रकरण झालंय. मी चार संग्रह वाचले. प्रत्येक कथेत माणूस हरणार हे पहिल्या पानावरच कळतं. गरीब असेल तर गरिबीने हरेल, श्रीमंत असेल तर शरीराने, आणि दोन्ही नसेल तर एखादा शाप असतोच. वर उपमांचा मारा. एका वाक्यात आकाश, त्याच वाक्यात जखम, पुढच्यात साप. शेवटी मला त्या माणसाचं दुःख दिसेनासंच होतं, फक्त उपमा दिसतात. काळोखाची पण सवय होते, आणि एकदा सवय झाली की तो काळोख राहत नाही, पडदा होतो.

ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल वाचावं. पण 'समजलं नाही म्हणजे थोर' हे मला पटत नाही.

---

बेळगावी_कुंदा

पाषाणराव, उपमांबद्दल तुमचं थोडं बरोबर आहे की. पण कुठले संग्रह वाचला ते सांगा बघू. दोन जी.ए. आहेत. एक आमच्या बेळगाव-धारवाडकडचे: कौलारू घरं, पावसाने काळ्या पडलेल्या भिंती, पेन्शनवर चाललेली म्हातारी माणसं, नांदवत नाहीत म्हणून माहेरी पडलेल्या बायका. दुसरे जी.ए. म्हणजे राजवाडे, वाळवंटं, ग्रीक पुराणं. 'रमलखुणा'त तर दोनच कथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार', दोन्ही त्या दुसऱ्या मुलखातल्या. ज्यांनी सुरुवात तिथून केली ते बहुतेक परत येत नाहीत.

'पिंगळावेळ'मध्ये गंमत अशी की दोघे एकाच पुस्तकात राहतात. एकीकडे 'ऑर्फियस', 'यात्रिक' (डॉन किहोटे आणि सँको पांझा चक्क मराठीत बोलतात), आणि दुसरीकडे 'कैरी'. 'कैरी' वाचून सांगा, उपमा दिसते की ती मावशी दिसते.

---

कोरडा_पाषाण

'कैरी' मान्य. ती मावशी दिसते. (अमोल पालेकरांचा चित्रपट आधी पाहिला होता, कथा नंतर वाचली. कथा जास्त निर्दय आहे.)

बाकी मत कायम.

---

जुने_कात्रण

कालक्रम देतो, कोणाला क्रमाने वाचायचं असेल तर: निळासावळा १९५९, पारवा १९६०, हिरवे रावे १९६२, रक्तचंदन १९६६, काजळमाया १९७२, सांजशकुन आणि रमलखुणा दोन्ही १९७५, पिंगळावेळ १९७७. जन्म १० जुलै १९२३, निधन ११ डिसेंबर १९८७, पुण्यात.

'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला होता. मग प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उकरला गेला, पुस्तक पुरस्काराच्या नियमात बसतं की नाही वगैरे. जी.एं.नी पुरस्कार परत करून टाकला. आजकाल पुरस्कार परत करताना माणसं आधी पत्रकार बोलावतात. हा माणूस त्यानंतरही धारवाडमध्ये इंग्रजी शिकवत राहिला.

शीर्षकांकडे बघा. निळा, सावळा, पारवा, हिरवा, तांबडा, मग काजळ, मग सांज. रंग हळूहळू विझवत आणलेत. मुद्दाम केलं असेल का, माहीत नाही, पण एका फळीवर ओळीने लावले की दिसतं.

---

खडीसाखर

कात्रणकाका, दंडवत. हे रंगांचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

पण मग 'पिंगळावेळ' कुठे बसतं? पिंगट रंग?

---

माणदेशी_आबा

पिंगळावेळ म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना माहीत नसणार, म्हणून लिहितो. मोबाइलवर टाइप करतोय, चुका पोटात घाला.

आमच्या गावात पिंगळा यायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. कोंबडं आरवायच्या आधी, अजून उजाडायचं असतं, दिवा लावला तरी उजेड पडत नाही अशी ती वेळ. अंगात पायघोळ अंगरखा, डोक्याला मुंडासं, एका हातात कंदील आणि दुसऱ्यात कुडमुडं. गल्लीच्या तोंडापासून त्या कुडमुड्याचा आवाज यायला लागायचा. तो दारात उभा राहून शकुन सांगायचा, पिंगळा पक्ष्याची भाषा त्याला कळते म्हणून. पिंगळा म्हणजे ते छोटं घुबड, झाडाच्या ढोलीत राहतं, तिन्हीसांजेला आणि पहाटे कलकलाट करतं.

आई अर्धवट झोपेत सुपात जोंधळे घेऊन बाहेर जायची. तो म्हणायचा, माये, घरातलं एक माणूस लांब जाईल. लांब म्हणजे मुंबईला का अजून लांब, ते सांगायचा नाही. आई जोंधळे घालायची आणि दिवसभर गप्प असायची. एकदा मी विचारलं की वाईट सांगतो तर दार का उघडतेस? तर म्हणाली, न उघडलं तर काय, तो दुसऱ्याच्या दारात तेच सांगंल, मला निदान ऐकू तरी येतंय.

आता मला सांगा, त्या पुस्तकाला दुसरं काय नाव देणार.

---

टोकदार_पेन्सिल

आबा, काय लिहावं कळेना. मी इतके दिवस नाव नुसतं गोड लागतंय म्हणून वाचत होतो.

---

प्रा_डुलकी

आबांचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

जी.एं.च्या बाबतीत 'नियतीवाद' हा शब्द आम्ही वर्गात इतक्या वेळा वापरतो की तो आता गाइडातला शब्द झालाय. परीक्षेत पोरं लिहितात: "जी.एं.च्या कथेत नियती ही पात्र म्हणून वावरते." दहापैकी सात गुण. मीच देतो. पण 'स्वामी' वाचताना नियती कुठे आहे? मठातली माणसं आहेत, त्यांची परंपरा आहे, नियम आहेत, दाराला कडी आहे. सगळी माणसांचीच कामं. नियतीचं नाव घेतलं की त्या माणसांना सोडून दिल्यासारखं होतं.

---

कोरडा_पाषाण

प्राध्यापक महाशय, हा मुद्दा चांगला आहे. पण मग लेखक त्या माणसांवर चिडतो का? मला नाही दिसला चिडलेला.

---

टोकदार_पेन्सिल

पाषाणराव, तेच तर मला फ्रिजवर ठेवायला लावणारं आहे. परवा धीर करून 'स्वामी' पुन्हा वाचली, फक्त मठातल्या माणसांचं वागणं बघत. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. सगळं अदबीने. जेवणखाण, निजायची सोय, शांतता, मान. एखाद्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर 'आणखी एक पोळी घ्याच' म्हणून ताटात वाढतात ना, तसं. त्या माणसाचं सगळं आयुष्य आग्रहाने काढून घेतलं जातं. चिडायचं कोणावर? वाढणाऱ्यावर?

आपल्याकडे कोणाला नाही म्हणायचं शिकवतच नाहीत. ती कथा मला त्यासाठी काळी वाटते. तळघरासाठी नाही.

---

रात्रपाळी

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय.

मी एका वृद्धाश्रमात परिचारिका आहे, नाव-गाव सांगत नाही. आठवड्यातून चार रात्री ड्यूटी. बारा ते चार फारसं काम नसतं म्हणून वाचते. 'स्वामी' तिथेच वाचली होती, तीनेक वर्षं झाली.

आमच्याकडेही सगळं मिळतं. वेळेवर चहा, मऊ भात, गरम पाणी, रविवारी भजन. नातेवाईक येतात तेव्हा आम्ही हेच सांगतो आणि ते खोटं नसतं. मुलंही वाईट नसतात, बहुतेकांचा खरोखर इलाज नसतो. रात्री नऊला मुख्य दाराला कुलूप लागतं, ते त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. गेल्या वर्षी एक आजोबा पहाटे उठून पिशवी भरून दाराशी बसायचे. कुठे जायचंय विचारलं तर म्हणायचे, कुठे नाही, दार उघडतं का बघतोय. मी त्यांना चहा द्यायची. अदबीने.

ती कथा वाचल्यावर त्या आठवड्यात मला कुलूप लावायला जमेना. मावशींना लावायला सांगायचे.

त्यातल्या वेलीबद्दल इथे अजून कोणी लिहिलं नाही. मला शेवटी तीच लक्षात राहिली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी जास्त सांगत नाही.

---

खडीसाखर

ताई...

---

प्रा_डुलकी

रात्रपाळीताई, मी हा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवला तर चालेल का? नाव अर्थातच नाही.

---

रात्रपाळी

चालेल सर. फक्त गुण देऊ नका.

---

दिवसा_चंद्र

वेलीवरून आमच्या घरात भांडण झालं होतं, खरंच. माझ्या मते ती कथा अंधारी नाहीच. एका बंद खोलीत, जिथे काहीही करता येत नाही, तिथे तो माणूस एक गोष्ट करतो आणि ती स्वतःच्या मर्जीने करतो. नवऱ्याचं म्हणणं, हा फक्त मनाचा खेळ, हरलेल्या माणसाला जिंकल्यासारखं वाटण्याची सोय. जेवणं गार झाली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, तुझं बरोबर असेल पण मला तसं वाटून घ्यायचं नाहीये.

त्यावर काय बोलणार.

---

कोरडा_पाषाण

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा.

---

बेळगावी_कुंदा

थोडं अवांतर. दोन वर्षांखाली धारवाडला लग्नाला गेलो होतो. म्हटलं जी.ए. राहायचे ते कडेमनी कंपाउंड बघून यावं. रिक्षावाल्याला सांगितलं, मराठी लेखक होते, मोठे, इथेच राहायचे. तो म्हणाला, "गोत्तु गोत्तु (माहीत आहे), बेंद्रे अज्जा!" आणि थेट साधनकेरीला नेऊन उतरवलं, कवी द. रा. बेंद्र्यांच्या घरापुढे. आता काय सांगणार त्याला. बेंद्रे मूळचे मराठी घरातले हे खरंच की, लिहिलं कन्नडमध्ये. आणि ज्या १९७३ च्या पुरस्कारावरून जी.एं.ना मनस्ताप झाला, त्याच १९७३ चं ज्ञानपीठ बेंद्र्यांना, 'नाकुतंती'साठी. एकाच गावातली दोन माणसं. एकाच्या दारात कायम गर्दी, दुसऱ्याचा काळा चष्मा.

तळ्याकाठी बसलो थोडा वेळ. पेढा घेतला आणि लग्नाला परत गेलो. कंपाउंड राहिलंच.

---

वाचनालयातली_मावशी

त्या काळ्या चष्म्यावरून लोक त्यांना फार गंभीर समजतात. त्यांची पत्रं वाचा. निवडक पत्रांचे खंड निघालेत, सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली तर जरूर वाचा. इतका मिश्कील आणि गप्पिष्ट माणूस! आमच्याकडे कथासंग्रह अर्धवट वाचून परत करणारे पत्रांसाठी पुन्हा येतात, आणि पत्रं वाचून झाली की कथांसाठी पुन्हा. टोकदार, तुम्हीही तसं करून बघा.

---

नवखा_उत्साही

हे सगळं वाचून आजच ऑनलाइन मागवलं! कुठली कथा आधी वाचू?

---

खडीसाखर

'कैरी'. आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असू द्या.

---

कोरडा_पाषाण

मी म्हणेन 'पारवा' किंवा 'हिरवे रावे'पासून सुरू करा, मग इकडे या. विरोधक असलो तरी नवख्याला सरळ खोल पाण्यात ढकलायचं पाप मी करणार नाही.

---

माणदेशी_आबा

पाषाणराव, तुम्ही विरोधक आणि सगळे संग्रह तुमचेच वाचून झालेले.

---

कोरडा_पाषाण

आबा, पहाटे कुडमुडं वाजवत कोणी दारात येत असेल तर मी काय करू. उघडावं लागतं.

---

टोकदार_पेन्सिल

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

काल रात्री पुस्तक फ्रिजवरून खाली काढलं. 'यात्रिक' वाचली. हसलो पण, जे मला अपेक्षित नव्हतं. बायको म्हणाली, त्या पुस्तकात हसण्यासारखं काय आहे? तिला एक परिच्छेद वाचून दाखवला, तीही हसली आणि मग म्हणाली, हे हसण्यासारखं नाहीये रे.

मावशी, त्या तीन ओळींबद्दल वाचनालयात बोललो. तिथल्या बाई म्हणाल्या, आम्ही खोडत नाही, पण तुम्ही चौथी लिहू नका. नाही लिहिली. हात शिवशिवत होता, कारण रात्रपाळीताईंचं ते 'अदबीने' तिथे लिहावंसं वाटत होतं.

बाई असंही म्हणाल्या की पुस्तकासाठी कोणीतरी नाव नोंदवून गेलंय. चार वर्षं कोणी हात लावला नाही आणि आता रांग. म्हटलं, कोण? त्यांनी रजिस्टर माझ्याकडे न वळवता मिटलं. बरोबरच आहे.

परत करायची तारीख सोमवार. उशीर झाला तर दिवसाला एक रुपया दंड. अजून दोन कथा बाकी आहेत, आणि खरं सांगतो, दोन-चार रुपये भरायची माझी तयारी आहे.

---

वाचनालयातली_मावशी

दोन-चार नाही, रांगेतल्या माणसाचा विचार करा. सोमवारी परत.